‘कशात जास्त?’ असं मी उभ्याने विचारलं

ज्या मंगळवारी मी दुसरीतल्या एका मुलीच्या थोबाडीत मारली, त्याच मंगळवारी सकाळी दादरला माझ्या निबंधाला पहिला क्रमांक मिळाला होता. विषय होता, मुलाची बुद्धी वाढते कशी याबद्दलच्या सिद्धांतांची तुलना आणि त्यांचा वर्गात उपयोग. शिक्षकांच्या प्रशिक्षणात भरल्या हॉलसमोर मी तो वाचला. ‘मुलाच्या चुकीकडे कुतूहलाने पाहा’ या वाक्याला टाळी पडली. साडेअकराला तिथून निघालो, साडेबाराला परळला शाळेत पोचलो आणि तीनच्या सुमारास हात उचलला. मधल्या वेळात मी फक्त एक भजीपाव खाल्ला होता, त्यामुळे दोष कशावर ढकलायचाच झाला तर तेवढा एकच उमेदवार आहे.

मार हा विषय मला नवीन नाही. वरळीच्या चाळीत आमच्या घरी बालमानसशास्त्र खुंटीला टांगलेलं असायचं, बक्कल वरच्या बाजूला. वडील गिरणीतून आले की आधी चहा, मग माझे पाढे. आजही सतराचा पाढा म्हणताना सतरा सत्ते आलं की माझा डावा खांदा आपोआप कानापाशी जातो, कारण तिथे मी नेहमी अडायचो. शाळेतले मास्तर पट्टी आडवी मारत नसत. उभी मारायचे, कडेने, बोटांच्या पेरांवर. एकदा शेजारच्या मुलाचं पेर फुटलं आणि रक्त पाटीवर सांडलं तर मास्तर म्हणाले, “आधी पाटी पूस.” आख्खा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो, कारण पुढचा नंबर माझा होता.

पुढे मी शिक्षक झालो. का झालो याची बरीच उदात्त कारणं मी मुलाखतीत सांगितली आहेत. खरं कारण एवढंच की पट्टीचं दुसरं टोक मला हवं होतं. आणि नेमका मी नोकरीत रुळलो तेव्हा मुलांना हात लावायचा नाही असा कायदा आला. आयुष्यभर रांगेत उभं राहावं, आपला नंबर यावा आणि खिडकी बंद व्हावी, तसं झालं.

मग मी सिद्धांतांकडे वळलो. माझ्या निबंधात तीन पंथ होते, मी त्यांना माझ्यापुरती नावं दिली होती. पहिला पायरीवाल्यांचा. ते म्हणतात, मुलाची बुद्धी पायऱ्यांनी चढते. सहा-सात वर्षांच्या मुलासमोर बसक्या भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओतलं तर त्याला वाटतं, पाणी वाढलं. ती पायरी ओलांडली की त्याला कळतं, पाणी तेवढंच आहे. दुसरा पंथ हातवाल्यांचा. ते म्हणतात, मूल एकटं काय करतं ते बघू नका. जाणत्या माणसाने हात दिला तर काय करतं ते बघा, आणि ते कुठल्या घरात, कुठल्या गल्लीत वाढलंय तेही बघा. तिसरे बघेवाले. त्यांचं म्हणणं, मूल मोठ्यांचं बघतं आणि तसंच करतं, तुम्ही तोंडाने काहीही सांगा.

मी कट्टर पायरीवाला होतो. कारण सोपं आहे. पायरी मोजता येते, रकान्यात भरता येते, आणि चाळीस पोरांच्या वर्गात गल्लीबिल्ली बघायला वेळ कोणाला आहे? आमच्या शेजारच्या वर्गाच्या बाई हातवाल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीत आमची जुंपायची. एकदा त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही मुलांची उंची मोजताय की बुद्धी?” मी टेबलावर मूठ आपटली, त्यांच्या चहाचा कप उडाला, चहा त्यांच्या पांढऱ्या साडीवर. त्यांनी हातातला डस्टर माझ्या दिशेने भिरकावला. तो माझ्या कपाळाला लागला आणि खडूच्या धुळीने मी आठवडाभर शिंकत होतो. मुलांच्या निकोप वाढीविषयीची आमची चर्चा साधारण या पातळीवर चाले.

त्या वर्षी शाळेत एक फॉर्म आला. प्रत्येक वर्गशिक्षकाने मुलांची पायरी तपासायची आणि मागे पडलेली तीन नावं कळवायची. ती तीन मुलं तळमजल्यावरच्या पूरक वर्गात बसणार. फॉर्मवर लिहिलं होतं, ‘तात्पुरती व्यवस्था’. पण तळमजल्यावर गेलेलं मूल पुन्हा वर आल्याचं मला आठवत नाही. तिथे एकच शिक्षक, तेही बहुतेक वेळ कार्यालयाच्या कामात. मुलं बाकांवर मारामाऱ्या करून दिवस काढायची आणि एके दिवशी यायची बंद व्हायची. हे मला माहीत होतं. तरी मी फॉर्म हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा काय सुचलं असेल, तर नवीन पेन काढावं.

त्या मंगळवारी चाचणीसाठी मी चिंचोके नेले. माझ्या टेबलावर सात चिंचोक्यांच्या दोन रांगा लावायच्या, मुलाला विचारायचं, दोन्हीत सारखेच ना? मूल हो म्हणालं की त्याच्या देखत एक रांग लांब पसरायची. मग विचारायचं, आता कशात जास्त? मूल म्हणालं ‘सारखेच’, तर ते वरच्या पायरीवर. पसरलेल्या रांगेकडे बोट दाखवलं, तर खालच्या.

दोन पोरं खालच्या पायरीवर निघाली. मग त्या मुलीची पाळी आली. सात वर्षांची, अंगाने काटकुळी, केसांना खोबरेल आणि त्याखाली मासळीचा मंद वास. तिची आई लालबागच्या बाजारात मासे विकायची. वर्गात ही मुलगी बोलायची कमी आणि मारायची जास्त. पाण्याची स्टीलची बाटली, पट्टी, कोपर, काहीही चालायचं. त्या महिन्यात तिने तीन जणांना चावे घेतले होते, एकाच्या दंडावर दातांचा गोल इतका नीट उमटला होता की चित्रकलेच्या सरांनी कौतुक केलं.

मी टेबलाच्या मागे उभा राहिलो. रांग पसरली. “आता कशात जास्त?”

तिने चिंचोक्यांकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पसरलेल्या रांगेवर बोट ठेवलं. “ह्यात.”

मी दुसरी रांग त्याहून लांब पसरली. “आता?”

“आता ह्यात.”

मी फॉर्मवर तिचं नाव लिहिलं. पहिल्या बाकावरच्या एका पोराने मान लांब करून ते वाचलं आणि वर्गाला जाहीर केलं, “ए, ही पण खाली जाणार. ढ आहे ढ.”

पुढचं फार झटपट झालं. तिने माझ्या टेबलावरची कंपासपेटी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. पेटीच्या कोपऱ्याने त्याची भुवई फाटली. रक्त डोळ्यात, डोळ्यातून शर्टावर, शर्टावरून वहीवर. तो किंचाळत खाली बसला तरी ती थांबेना, पुन्हा पेटी उगारून त्याच्यावर धावली. मी तिचा दंड धरला. ती माझ्या मनगटाला चावली. आणि मी मारली. पूर्ण हात मागे नेऊन, आवाज होईल अशी. ती बाकावर आपटली आणि तिच्या गालावर माझी चार बोटं उमटली. पाचवं बोट कानावर गेलं होतं.

ती रडली नाही. मला सांगायला हवं, कारण बाकी सगळं सांगतोय तर हे लपवण्यात अर्थ नाही: क्षणभर मला बरं वाटलं. हाताला सवय असावी तसं ते सहज झालं. नंतर घाम फुटला.

पोराच्या भुवईला तीन टाके पडले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जिन्यातून पाहिलं तर माझ्या वर्गातली पोरं नवा खेळ खेळत होती. एकजण सर व्हायचा, दुसरा मुलगी. ‘सर’ आधी चष्मा सारखा करायचा, जसा मी करतो, आणि मग दुसऱ्याच्या थोबाडीत द्यायचा. मारली की नंबर बदलायचा. चष्म्याची लकब इतकी हुबेहूब होती की मी नकळत नाकाला हात लावला. बघेवाल्यांना निबंधात मी शेवटचं अर्धं पान दिलं होतं.

तिची आई त्याच दिवशी आली. सकाळचा बाजार उरकून थेट, ओचा खोचलेला, हातावर खवले. मी वर्गात फळ्यावर लिहीत होतो. मागून मानगूट धरली गेली आणि माझं कपाळ फळ्यावर आदळलं. वळलो तर पहिली बसली, मग दुसरी. चष्मा खिडकीपाशी उडाला. माझा वर्ग त्या वर्षी इतका एकाग्र कधीच नव्हता.

“तू मारलंस ते राहू दे,” ती माझी कॉलर न सोडता म्हणाली. “मी पण मारतंय. तिचे गुण तसेच आसत. पण तिका खाली बसवायचा कोणी लिवला?”

“अहो ताई, ती चाचणी असते. बुद्धीची पायरी...”

“माझ्या चेडवाची बुद्धी काढतंस? रोज संध्याकाळी माझे वाटे कोण लावता, तुझो बापूस?”

आमचं घरही मालवणीच, त्यामुळे बापाच्या उल्लेखाने मला अपमान न वाटता एकदम घरचं वाटलं. तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, धावत आल्या. त्यांनी माझी कॉलर सोडवली आणि मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात सांगितलं, “या बाईने तक्रार लिहून दिली तर तुमची नोकरी माझ्या हातात नाही. काय करायचं ते करा.”

तिची आई दारातूनच म्हणाली, “तक्रार नाय करणार. संध्याकाळी बाजारात ये. माझी पोरगी बघ. मग लिव काय लिवायचा ता.” आणि जाता जाता भुवई शिवलेल्या पोराजवळ थांबून त्याच्या टाक्यांवर बोट फिरवून म्हणाली, “खोल नाय.”

संध्याकाळी सहाला मी लालबागच्या बाजारात उभा होतो. एका गालाला सूज, कपाळाला टेंगूळ. या बाजारात मी वर्षानुवर्षं मासे घेत आलोय, त्यामुळे ओळखीच्या दोन-तीन जणींनी विचारलं, “काय सर, पडलात?” मी म्हटलं, जिन्यात.

ओल्या लादीवर आई आणि मुलगी शेजारी बसल्या होत्या. आई सुरमईचं डोकं उडवत होती. कोयता असा पडत होता की दर घावाला माझी मान आत जायची. मुलगी बांगड्यांचे वाटे लावत होती. ज्यांनी कधी बाजार केला नाही त्यांच्यासाठी सांगतो: छोटी मासळी वजनावर नाही, वाट्यावर जाते. एका वाट्यात पाच-सहा बांगडे. ती पोर पाच बांगडे घ्यायची, एक वाटा जवळजवळ रचायची आणि दुसरा पंख्यासारखा पसरायची, शेपट्या बाहेर, पोट वर. मी दोन मिनिटं पाहिलं. दोन्हीत पाचच. एकदाही चुकली नाही, एकदाही पुन्हा मोजले नाहीत. तिचा गाल अजून तांबडा होता.

एक गिऱ्हाईक आलं, माझ्याच वयाचा माणूस, हातात ऑफिसची बॅग. उभ्यानेच वाकून त्याने विचारलं, “कशात जास्त गं?”

तिने मासळीकडे पाहिलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पसरलेल्या वाट्यावर बोट ठेवलं. “ह्यात.”

त्याने तो उचलला. गेली कित्येक वर्षं मी स्वतः असाच वाकून विचारतो आणि घरी पसरलेला वाटा नेतो, आणि बायको म्हणते, “एवढेसेच?” पायरीवाल्यांच्या हिशोबाने या बाजारात खालच्या पायरीवर कोण होतं ते उघड होतं.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. “दोन्हीत सारखेच होते ना?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाणी ओलं असतं का असं विचारलं होतं. “पाच-पाच.”

“मग वर्गात मला का सांगितलंस, पसरलेल्यात जास्त?”

“तुम्ही विचारलंत ना, कशात जास्त. उभं राहून.” ती मोठ्या, स्वच्छ, दुसरीतल्या आवाजात म्हणाली, “गिऱ्हाईक असं विचारतं तेव्हा पसरलेला दाखवायचा. पसरतो तो आदल्या दिवशीचा असतो, तो आधी घालवायचा असतो.”

बॅगवाला माणूस अजून तिथेच होता. आजूबाजूच्या चार बायकाही. आईचा ओला पंजा पोरीच्या पाठीत बसला. असा, की ती पुढच्या टोपलीवर तोंडावर पडली. “भर बाजारात सांगतंस? धंदो बुडवतंस माझो?” दुसरा बसला, तिसरा बसला. बॅगवाल्याने वाटा परत टाकला, आईने तो त्याच्या छातीवर फेकून मारला, बांगडा त्याच्या खिशातल्या पेनाला अडकून लोंबायला लागला. तो शिव्या देत पुढे आला तेव्हा तिने कोयता उचलला. मारायला नाही, नुसता उचलला. तो गेला.

मी आईचा हात धरायला गेलो. “ताई, मारू नका तिला.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पोरीच्या गालाकडे पाहिलं. त्या पाहण्याने मला कपाळावरच्या टेंगळापेक्षा जास्त लागलं. पोरगी टोपलीतून उठली, तोंडावरचा बर्फ पुसला आणि परत वाटे लावायला बसली. पाच, पाच.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या जरा आधी मी मोठ्या बाईंकडे गेलो. म्हटलं, फॉर्ममधून एक नाव काढायचंय. त्या म्हणाल्या, “उद्या हा फॉर्म वरिष्ठांकडे जायचाय. नाव काढायचं तर कारण लिहा.”

“माझा प्रश्न चुकला, असं लिहितो.”

“पहिला क्रमांक मिळालेल्या माणसाचा?” त्या हसल्या नाहीत. “बोलवा तिला. माझ्यासमोर होऊ दे.”

ती आली. मी चिंचोके मांडले, सात आणि सात. तिने सारखे म्हणून मान्य केले. मी एक रांग पसरली. मोठ्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, चष्मा वर केला आणि वाकून विचारलं, “हं, कशात जास्त?”

बाईंना बसायला सांगायचं मी विसरलो होतो. शहाणपण सुचून एकच रात्र झाली होती आणि मी ते घरी ठेवून आलो होतो. पोरीने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. बोट उचललं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिला उत्तर सुचवू शकत नव्हतो, म्हणून मी जे सुचलं ते केलं: तिथल्या तिथे लादीवर मांडी घालून बसलो.

तिने बोट खाली घेतलं. “सारखेच आहेत,” ती बाईंना म्हणाली. “पण तुम्हाला घ्यायचे असले तर हा घ्या.” आणि पसरलेल्या रांगेवर बोट ठेवलं.

मोठ्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि तिच्या नावावर रेघ मारली. “मग तिसरं नाव कोणाचं?”

“बाकी दोघांनाही मी उभ्यानेच विचारलंय,” मी लादीवरून म्हणालो.

“म्हणजे फॉर्म रिकामा पाठवू?”

“माझ्या वर्गाचा.”

त्यांनी फाइल माझ्या अंगावर फेकली. नेम चांगला होता, टेंगळावरच बसली. मग माझ्याकडून दोन कागद लिहून घेतले. एकात प्रश्न चुकल्याचं, दुसऱ्यात मुलीला मारल्याचं. दुसरा कागद माझ्या सेवापुस्तकात लागला आणि तो अजून तिथे आहे. शेजारच्या वर्गाच्या बाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आता आमच्यात?” मी म्हटलं, कोणात आहे ते माहीत नाही. निबंधात तिन्ही पंथ मी वेगवेगळ्या पानांवर ठेवले होते, वर्गात ते एकाच बाकावर बसून एकमेकांना बोचकारतात.

मुलगी वरच राहिली. दुपारी वर्ग भरला तेव्हा ती तिच्या नेहमीच्या दुसऱ्या बाकापाशी आली, माझ्या टेबलाकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि दप्तर उचलून मागे गेली. चौथ्या बाकावर एक पोरगा बसला होता, त्याला तिने कोपराने ढकलून पाडलं आणि तिथे बसली. त्याला उठवायला मी टेबलावरून वाकलो आणि हात लांब केला. माझा हात तिसऱ्या बाकापर्यंतच पोचतो.